मंगला, ‘सोड’ म्हणजे नेमकं काय

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी साडेसात. जागा: गुरमेलजींचं शेत, मोहालीच्या बाहेर, भात कापून झालेलं. हजर: देवेंद्रभाऊजी, तुझी ईशा, गुरमेलजी आणि मी. वारा वायव्येकडून, हलका. धुरामुळे लांबची झाडं दिसत नाहीत. सामान: दोरी ओढायचा विंच, दोरी, कप्पी, दोन खुंट्या, हातोडा, पेट्रोल, रिमोटवरचा जुना फोमचा ग्लायडर, डबा, थर्मास, वही.

हे वाचून तू हसली असतीस. आपण दोघीच असायचो तेव्हाही मी वहीत ‘हजर’ लिहून दोन नावं लिहायचे आणि तू अमरावतीचा सूर लावून म्हणायचीस, ‘‘आपण दोघीच तर आहो, हजेरी काऊन घेऊन राहिली?’’ मी म्हणायचे, सवय आहे. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या नर्सला मोजल्याशिवाय काही सुरू करता येत नाही आणि मोजल्याशिवाय काही बंद करता येत नाही.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले.

आज आम्ही शेतावर गेलो ते ठरवून नाही. गुरुवारी गुरमेलजींचा फोन तुझ्या नंबरावर आला. भाऊजींनी उचलला. त्यांना काही सांगायची संधी न देता गुरमेलजी बोलत सुटले, ‘‘मैडम जी, खेत खाली हो गया. गेहूं बीजने में दस-बारह दिन हैं. अपनी चरखी ले आओ.’’ भाऊजी सगळं ऐकून म्हणाले, ‘‘अच्छा जी, आते हैं,’’ आणि फोन ठेवला. मग मला फोन केला. ‘‘शैलाताई, मला त्यांना सांगता आलं नाही. आता जावंच लागेल.’’

म्हणून गेलो. गाडी बांधावर लागली तेव्हा गुरमेलजींनी आधी मागच्या सीटवर पाहिलं, मग रस्त्याकडे. ‘‘मैडम जी दूसरी गाड़ी में?’’ भाऊजी विंचचे पट्टे सोडवत राहिले. सांगितलं मी. हॉस्पिटलमध्ये हे वाक्य मी किती जणांना सांगितलंय. कमी शब्दांत, डोळ्यांत बघून. तसंच सांगितलं. गुरमेलजी खाली बसून, विंच ठेवायच्या जागेवरची भाताची खुंटं हातानं उपटायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करता ईशाला विचारलं, ‘‘फेर वी चलाओगे, पुत्तर?’’ ईशा म्हणाली, ‘‘हां जी अंकल. चलाएंगे.’’

तो विंच जमिनीवर उतरवायला आता तिघं लागतात. तू असताना दोघींत उचलायचो. कसा, ते मला आज कळलं नाही.

तुझ्या बाकीच्या गोष्टी बाकीचे लिहितील. तुझ्या सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी मोठी शोकसभा झाली. कुठली उपकरणं तू केलीस, कुणाला शिकवलंस, सगळं बोलून झालं. विंचबद्दल कुणीच बोललं नाही. त्यामुळे तेवढं मी लिहिते.

तो भाऊजींच्या स्कूटरचा होता. अजूनही त्यांचा सूर तक्रारीचाच असतो. ‘‘एक दिवस युनिव्हर्सिटीतून घरी आलो, तर मागच्या व्हरांड्यात स्कूटरचं पुढचं अर्धं होतं. मागचं अर्धं शैलाताईंच्या ओट्यावर.’’ मागच्या अर्ध्यातच तुला हवं ते सगळं होतं. इंजिन, गिअर, क्लच, ब्रेक आणि चाक एकाला एक जोडलेलं. तू टायर काढून टाकलास आणि रिमवर दोरी गुंडाळायची असं ठरवलंस. मी विचारलं होतं, जागेवर उभं राहून इंजिन तापणार नाही का. तू म्हणालीस, स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असते, ते तुझ्यासारखं आहे, बाहेरच्या वाऱ्यावर अवलंबून नाही. ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारायचं राहून गेलं.

रिमच्या कडा बुटक्या. दोरी बाजूनं घसरून आसात अडकायची. दोन्ही बाजूंना मोठ्या तबकड्या लागणार होत्या. तू बाजारात शोधत बसली नाहीस. स्वयंपाकघरातून कणकेची परात आणलीस आणि मला म्हणालीस, ‘‘एक माझी, एक तुझी.’’ माझ्या परातीच्या काठावर आईचं नाव आणि ‘मिरज’ कोरलेलं आहे. मी दोन दिवस विचार केला. मग दिली. इंजिन सुरू झालं की ती अक्षरं पुसल्यासारखी होतात आणि थांबलं की परत वाचता येतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा तू इंजिन दोनदा उगीचच चालू-बंद केलंस.

तुझ्या ऑफिसातली मुलं सांगायची, मॅडम, मॉडेलमध्येच छोटी मोटर बसवा, विंचची कटकट हवी कशाला. मीही यादी करून दाखवली होती. मोटरच्या बाजूनं सात मुद्दे, विंचच्या बाजूनं दोन. तू वाचून वही परत दिलीस. ‘‘मोटर बसवली की ते विमान झालं. ग्लायडरले कोणीतरी दुसऱ्यानं ओढून द्यावं लागते.’’ तिसरा मुद्दा म्हणून मी ते विंचच्या बाजूला लिहिलं. तरी बेरीज मोटरचीच जास्त होती. आपण विंच केला.

पहिल्या गिअरमध्ये ग्लायडर उठेना. तिसऱ्यात पहिल्या फोमच्या ग्लायडरचा पंख हवेतच दुमडला आणि गुरमेलजींची म्हैस दावं तोडून पळाली. दुसरा गिअर बरोबर निघाला. अ‍ॅक्सिलरेटर तू तारेनं एका ठिकाणी बांधून टाकलास, म्हणजे चालवणाऱ्याला दोनच गोष्टी उरल्या: डाव्या हातात क्लच, पायाखाली ब्रेक. क्लच दाबून धरला की चाक मोकळं. सोडला की इंजिन दोरी ओढणार. दोरी विंचपासून निघून दीडशे पावलांवरच्या कप्पीला वळसा घालून परत आपल्याकडे, ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्याला. तू ग्लायडर डोक्यावर धरून दहा पावलांवर, मी विंचपाशी. ओढ बसली की तो पतंगासारखा उभा चढायचा आणि माथ्यावर गेला की दोरीच्या टोकाची कडी आपोआप सुटायची.

शब्द मी ठरवले होते. मराठीच हवेत, असं आपलं एकमत होतं, कारण बांधावर बघायला माणसं जमायची आणि ‘छड्डो जी, छड्डो’, म्हणजे सोडा, सोडा, असा गलका चालायचा. त्यांच्या ओरडण्यात आपली हाक मिसळायला नको. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी आहेत. ‘ताण’ म्हणजे दोरीतला ढिलेपणा काढून ब्रेकवर पाय. ‘सोड’ म्हणजे क्लच सोड. ‘पुरे’ म्हणजे क्लच दाब. काहीही बिघडलं तर ‘थांब’. मला खरं तर लाल-हिरवे झेंडे हवे होते. तू म्हणालीस, ‘‘एका हातात ग्लायडर, एका हातात रिमोट. झेंडा काय दातात धरू?’’

नीट उडालेली पहिली भरारी मला सगळी आठवते. कडी सुटली, मी इंजिन बंद केलं आणि एकदम काहीच ऐकू येईना. तुझा तो दोन मीटर पंखांचा लाकडी ग्लायडर डोक्यावर फिरत होता. पूर्ण एक हिवाळा तू तो घासत होतीस. त्याचं पहिलं वळण झालं आणि तू रिमोट माझ्या हातात दिलास. मी म्हटलं, पडेल. तू म्हणालीस, ‘‘पडला तर करू परत,’’ आणि पाठ फिरवून डबा उघडायला गेलीस. माझ्या कामात मी कधी कुणाच्या हातात अशी वस्तू देऊन पाठ फिरवलेली नाही. तुझ्या पाठीकडे बघून मला वाटलं होतं, या बाईसाठी मी काहीही करीन. हे तुला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही तेव्हा. डब्यात मेथीचे पराठे होते, ते खाल्ले.

आता मागच्या नोव्हेंबरचं.

त्या दिवशी तू ‘ताण’ म्हणालीस. मी दोरी ताणली, क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला. पुढचा शब्द यायला वेळ लागला. मग तुझी हाक आली, ‘‘शैला, सोड, सोड.’’ मी क्लच सोडला, ब्रेक सोडला. पुढचं दोन सेकंदांत झालं. एका पंखाची हलती पट्टी चालत नव्हती म्हणून तू ग्लायडर खाली घेऊन एका गुडघ्यावर बसली होतीस. ताणलेल्या दोरीमुळे कडी निघेना. दोरी ढिली सोड, एवढंच तुला म्हणायचं होतं. दोरी तुझ्या डाव्या तळव्यातून ओढली गेली. ग्लायडर जमिनीवर आपटत गेला आणि डावा पंख मुळापासून तुटला.

तळव्याला सहा टाके पडले. ड्रेसिंग मी केलं. आणि ड्रेसिंग करतानाच भांडण सुरू झालं.

‘‘यादीत ‘थांब’ लिहिलंय, मंगला.’’

‘‘मी दोरी सोड म्हणत होती.’’

‘‘दोरी हा शब्द आलाच नाही. ‘सोड’ म्हणजे क्लच. पहिल्या पानावर आहे.’’

‘‘हात कापून राहिला तेव्हा माणूस पहिलं पान वाचते का?’’

‘‘हात नंतर कापला.’’

‘‘बरं बाई. पट्टी घट्ट नको बांधू.’’

हे भांडण वर्षभर चाललं. तुझ्या तळव्याला महिनाभर लाकूड घासता आलं नाही, तोवर गहू पेरून झाला होता. एप्रिलमध्ये गहू निघाला, शेत मोकळं झालं, तेव्हा तू आजारी होतीस. यंदाचा भात कापायच्या आधी गेलीस. म्हणजे मागच्या नोव्हेंबरचे ते दहा-बारा दिवस तुझे ग्लायडर उडवायचे शेवटचे होते आणि त्यातले दोनच तुला मिळाले. मी हे कितीदाही मोजलं तरी दोनच येतात.

आणि मी काय केलं, तर व्याकरण. ‘सोड’चं कर्म काय? क्लच की दोरी? फोनवर, तुझ्या घरी, भाऊजींना पंच नेमून. भाऊजी म्हणाले होते, ‘‘दोघींचं बरोबर आहे, चहा घ्या.’’ तू एकदाही मान्य केलं नाहीस. मीही नाही.

मान्य करण्यासारखं माझ्याकडे जे होतं, ते वेगळंच होतं. मंगला, मी तुझ्याकडे बघत नव्हते. ‘ताण’ आणि ‘सोड’च्या मधल्या त्या थोड्या वेळात माझा उजवा हात रिकामा होता. गुडघ्यावर वही होती. मी वेळ लिहीत होते. नोंद भरारीनंतर करायची हा नियम माझाच, पण मिनिट चुकू नये म्हणून मी आधीच लिहायला घेतलं. मान खाली होती. हाक कानावर आली आणि हातानं यादीप्रमाणे केलं. मान वर असती तर गुडघ्यावर बसलेली तू दिसली असतीस. गुडघ्यावर बसून कुणी ग्लायडर सोडत नाही. मग तू कुठलाही शब्द ओरडली असतीस तरी मी क्लच सोडला नसता. शब्दाचा यात काही संबंध नव्हता.

हे सांगायला मी वॉर्डात आले होते. त्या दिवशीच्या कागदावर चार गोष्टी होत्या: रिपोर्टच्या प्रती, मऊ टॉवेल, भाऊजींच्या गोळ्या, आणि चौथी नुसतं ‘ते’. तीन झाल्या. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, ‘‘मंगला, त्या दिवशीचं मला बोलायचंय.’’ तू डोळे मिटूनच म्हणालीस, ‘‘सोड न व ते आता.’’

मी सोडलं. मला किती हलकं वाटलं, ते लिहायला आज लाज वाटते. पेशंटला थकवू नये, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन बोलू, असंही. तुला माहीत आहे, पुढे बोलण्यासारखा दिवस आला नाही.

वही त्या अपघातानंतर तुझ्याकडेच राहिली होती. मी कधी मागितली नाही. मागितली असती तर तुझ्यासमोर उघडावी लागली असती. आज सकाळी ईशानं ती तुझ्या टेबलाच्या खणातून आणली आणि गाडीच्या बॉनेटवर उघडली. शेवटच्या भरलेल्या ओळीत माझं अक्षर आहे. वेळेच्या रकान्यात ‘९.४’ आणि तिथून पेनची एक रेघ, वाकडी, पानाच्या कडेपर्यंत. त्या रेघेच्या खाली तुझं अक्षर.

‘कारण: हाक चुकली. ठरलेला शब्द थांब. मी सोड म्हटलं. चूक माझी. शैलाचं बरोबर आहे.’

वर्षभर तोंडावर एकदाही न म्हटलेलं तू तिथे लिहून ठेवलं होतंस. आणि लिहिताना ती रेघ तुझ्या डोळ्यांसमोर होती. ‘९.४’ काय आहे आणि मध्येच का तुटलंय, हे उपकरणांच्या नोंदी वाचण्यात आयुष्य गेलेल्या बाईला कळलं नसेल, असं मी म्हणू शकत नाही. दहा पावलांवर माझ्याकडे तोंड करून बसली होतीस. माझ्या हातातलं पेन तुला त्याच वेळी दिसलं असणार. म्हणजे एक वर्ष तू माझ्याशी शब्दावरून भांडत होतीस ते मला त्या शब्दाआड उभं राहू देण्यासाठी. की मी आपण होऊन बोलेन म्हणून वाट बघत होतीस? वॉर्डात ‘सोड’ म्हणालीस ते मला मोकळं करायला, की कंटाळून? हे मला आता कुठूनही कळणार नाही. मी रागावलेही आहे तुझ्यावर. एकदा विचारायचं होतंस, ‘‘शैला, लिहीत होतीस का?’’ मी खोटं बोलले नसते.

असं मला वाटत होतं. पण ईशानं त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, ‘‘मावशी, ये लाइन कैसी है?’’ आणि मी म्हणाले, ‘‘पेन घसरलं असेल.’’

मग आम्ही एक भरारी केली. वही मी भाऊजींकडे दिली. ईशानं ग्लायडर डोक्यावर धरला आणि विचारलं, ‘‘मैं क्या बोलूं?’’ ‘सोड’ मी काढून टाकलं. त्या जागी ‘चल’ सांगितलं. तुझी ही मुलगी घरात मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, यावरून तू किती चिडायचीस. आज तिनं शेताच्या मधोमध उभं राहून मराठीत हाक दिली, ‘‘ताण, मावशी.’’ आवाज तुझा नाही, तिचा स्वतःचा आहे, जरा पातळ. मी मान वर ठेवली. तिच्या पायांकडे, गुडघ्यांकडे, हातांकडे बघत राहिले. ‘‘चल.’’ क्लच सोडला. ग्लायडर सरळ चढला, कडी सुटली, मी इंजिन बंद केलं. गुरमेलजींनी पगडीवर हात ठेवून वर पाहिलं. भाऊजींनी घड्याळ बघायचं सोडून ग्लायडरच बघितला, त्यामुळे नोंदीत वेळ नाही. ती ओळ मी तशीच रिकामी ठेवणार आहे.

ग्लायडर उतरल्यावर ईशा धापा टाकत आली. हसत होती आणि रडतही होती. दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ‘‘मम्मी भी ना. पूरी लैब को सेफ्टी सिखाती थीं, और खुद गलत शब्द बोलकर हाथ कटवा लिया. मैंने उनको बहुत सुनाया था उस दिन. बोलीं, हो बाई, माझीच चूक.’’

‘‘किती सुनावलंस?’’ मी विचारलं.

‘‘बहुत. एक हफ्ता ठीक से बात नहीं की.’’ तिनं दोरीचं टोक विंचवरच्या खिळ्याला बांधलं. ‘‘अब लगता है, नहीं करना चाहिए था.’’

म्हणजे त्याचीही किंमत तूच दिलीस. एक आठवडा मुलीचा अबोला, माझ्या वाटणीचा. हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. मला तिथेच बोलता आलं असतं. विंच बंद होता, वारा पडला होता, भाऊजी आणि गुरमेलजी कप्पीच्या खुंट्या काढायला लांब गेले होते. ईशा माझ्यासमोर उभी होती. मी तिला म्हटलं, दोरीला चिखल लागलाय, पुसून गुंडाळ.

घरी येऊन कामांचा कागद केला. विंच भाऊजींच्या व्हरांड्यात परत ठेवणे: झालं. पेट्रोल टाकीतून काढणे: झालं. गुरमेलजींच्या घरून आलेला डबा परत देणे: उद्या, माझ्या जाण्याच्या वाटेवर आहे. वहीतल्या ‘कारण’ या ओळीखाली खरं कारण लिहिणे: पेन घेऊन बसले होते, पण ते ईशाच्या आधी वहीला सांगणं बरोबर वाटलं नाही.

गुरमेलजी पुढच्या मंगळवारनंतर गहू पेरणार आहेत. ईशानं रविवार पक्का केलाय, सकाळी साडेसात, ती आणि मी दोघीच. कागदावर रविवारच्या ओळीत मी लिहिलंय: ईशाला सांगणे. समोरचा ‘झालं’चा चौकोन रिकामा आहे.